थकलेल्या हृदयाची छोटी कुत्री : शेवट कधी आणि कसा ठरवायचा

प्रश्न : आमची चिंगी पॉमेरेनियन आहे, वय १३, वजन साडेपाच किलो. दीड वर्षापासून हृदयाची औषधं चालू आहेत. गेल्या दोन महिन्यांत दोनदा फुप्फुसात पाणी भरलं आणि ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ‘आता फार दिवस धरू नका.’ सासरे तिला भरवल्याशिवाय जेवत नाहीत. सासूबाई म्हणतात, इंजेक्शन देऊन मारणं हे पाप. मुलगा आठ वर्षांचा आहे. आम्ही तिला उगाच ओढतोय का? वेळ आली हे कळणार कसं? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. किडनीच्या किंवा कॅन्सरच्या कुत्र्यांत वेळ आल्याचं बऱ्याचदा कळतं. खाणं कमी होतं, मग उठणं कमी होतं, आणि तेवढ्यात घरच्यांच्या मनाचीही तयारी होत जाते. हृदयाच्या दुखण्यात असा जिना नसतो. संध्याकाळी बेल वाजली म्हणून भुंकत दाराशी गेलेली कुत्री रात्री दोन वाजता मान ताणून, कोपरं फाकवून, बसल्या बसल्या श्वास ओढत असते. तिच्याकडून इशारा मिळेल म्हणून वाट पाहिलीत, तर तो इशारा बहुधा गुदमरण्याचाच असेल. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते : कुठे थांबायचं ते तुम्ही सगळ्यांनी मिळून आत्ताच, चिंगी बरी असताना, दिवसाउजेडी ठरवा. तारीख ठरवू नका, अटी ठरवा. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

आजार थोडा समजून घ्या, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. लहान जातींच्या कुत्र्यांत म्हातारपणी हृदयाची डावी झडप, जिला मायट्रल म्हणतात, ती जाड आणि गाठाळ होते. कुत्र्यांच्या हृदयविकारांत जवळपास तीन-चतुर्थांश वाटा या एकाच दुखण्याचा असतो. जुन्या हापशाचा वायसर झिजला की दांडा मारावा तितकं पाणी वर येत नाही, थोडं खाली परततं. तसंच इथे दर ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं. मागचा कप्पा फुगतो, त्याचा दाब फुप्फुसांतल्या शिरांवर येतो आणि एक दिवस फुप्फुसात पाणी उतरतं. आम्ही पशुवैद्य या आजाराच्या ए ते डी अशा पायऱ्या मानतो. पाणी एकदा भरलं की सी, आणि भरपूर औषध देऊनही भरत राहिलं की डी. तुमच्या वर्णनावरून चिंगी सीच्या शेवटाकडे किंवा डीच्या उंबरठ्यावर आहे. इको आणि एक्स-रे पाहिल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेला अंदाज मला योग्य वाटतो.

किती दिवस, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणारच. पिमोबेंडान या हृदयाच्या औषधाची एक मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. पाणी भरून गेलेली कुत्री हृदयामुळे दगावेपर्यंत किंवा औषधं पुरेनाशी होईपर्यंत किती दिवस गेले, ते तीत मोजलं. पिमोबेंडानच्या गटाचा मधला आकडा २६७ दिवस आला आणि बेनाझेप्रिल या दुसऱ्या औषधाच्या गटाचा १४०. दोन्ही गटांना फुप्फुसातलं पाणी उतरवणारं औषध होतंच. मधला आकडा म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. शिवाय तो मोजला होता पाणी उतरून औषधं सुरू झाली तिथून. दोन महिन्यांत दोनदा पाणी भरलेल्या कुत्रीसाठी मी महिन्यांपेक्षा आठवड्यांचाच हिशेब धरेन.

‘ओढतोय का’ याचं उत्तर मात्र अजून तरी नाही असंच आहे. दुपारी ती खिडकीतल्या उन्हात सुखानं झोपत असेल, वाटी वाजली की येत असेल, तर औषधं तिला जगणं देताहेत. चार दिवसांत तिसऱ्यांदा ऑक्सिजनच्या पेटीत ठेवायचं आणि बाहेर काढून पुन्हा आठवड्यानं तिथेच न्यायचं, ते ओढणं झालं. तिथवर तुम्ही पोचलेल्या नाहीत.

आता रोजचं काम, आणि हे काम तुमच्या सासऱ्यांना द्या. चिंगी गाढ झोपली असताना तिचे श्वास मोजायचे. छाती वर गेली आणि खाली आली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. झोपेत मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. ३० च्या वर गेला तर तासा-दोन तासांनी पुन्हा मोजा, आणि तरीही वरच असेल तर डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट पाहू नका. स्वप्नात पाय हलवत असेल, किंवा मे महिन्यातल्या दुपारी घर तापलेलं असेल, तेव्हाचा आकडा धरू नका. पाणी भरण्याची चाहूल बऱ्याचदा या आकड्यात आधी लागते, म्हणून खोकल्यापेक्षा माझा भरवसा यावर जास्त. पॉमेरेनियनचा खोकला फसवतो. या जातीत श्वासनलिका म्हातारपणी चपटी पडते आणि वर फुगलेलं हृदय तिला दाबतं, त्यामुळे फुप्फुस कोरडं असलं तरी बदकासारखा कॅं-कॅं खोकला येत राहतो. लोक तेवढ्यासाठी घाबरून लॅसिक्स, म्हणजे पाणी उतरवणारी गोळी, वाढवतात आणि किडनी सुकवतात. मेडिकलमधून खोकल्याचं सिरप आणून देण्यानंही काही साधत नाही.

औषधांविषयी थोडक्यात. पिमोबेंडान खाण्याआधी तासभर, रिकाम्या पोटी, ठरलेल्या वेळी. लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड दिल्यावर ती खूप पाणी पिईल आणि घरात शूही करेल. तिचं पाणी तोडू नका, गाद्यांवर मेणकापड घाला आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की हा तिचा हट्ट नाही, गोळीचा परिणाम आहे. किडनी आणि पोटॅशियमची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्या. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, कॉम्बिफ्लाम असो की डायक्लोफिनॅक, अर्धीसुद्धा नको. या औषधांसोबत त्या किडनी निकामी करतात. आणि ‘डॉक्टर, फार गळून गेलीय, एक बाटली लावा ना’ हे इंदूरमध्ये मी रोज ऐकते. पाणी भरणाऱ्या हृदयाला सलाईन म्हणजे त्याच फुप्फुसात आणखी पाणी. ती लावायची असेलच, तर एक्स-रे पाहून, मोजून, तुमच्या डॉक्टरांनीच.

खाण्यात माझा आग्रह फक्त मिठाचा. आपल्याकडे पोह्यांवर शेव नाही असं घडत नाही आणि टेबलाखाली बसलेल्या कुत्रीला त्यातली चिमूट मिळत नाही असंही घडत नाही. शेव, पापड, खारी, चीजचा तुकडा, लोणच्याचं बोट, हे सगळं बंद. बाकी या टप्प्यावर तिला जे आवडतं ते खाऊ दे. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, अंडं, दहीभात, थोडं पनीर. हृदयाच्या रोग्याचं मांस झिजतं. पाठीचा कणा आणि कपाळाची हाडं हाताला लागू लागतात. अशा कुत्रीला डाएटच्या नावाखाली उपाशी ठेवणं मला मान्य नाही.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून ठेवा. कोविडनंतर तो भाड्यानं सहज मिळतो. तोंडावर मास्क दाबला तर ती धडपडते आणि श्वास आणखी वाढतो. नळीचं टोक नाकाजवळ धरलं तरी पुरतं. डॉक्टरांना विचारून लॅसिक्सचा आणीबाणीचा डोस कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. रात्री कुठल्या दवाखान्यात माणूस असतो, हे आत्ताच फोन करून विचारा. महूच्या व्हेटरनरी कॉलेजचं रुग्णालय चांगलं आहे, मी तिथेच शिकले, पण रात्री दोन वाजता गुदमरणारं जनावर घेऊन वीस-बावीस किलोमीटर जायचा भरवसा धरू नका. आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या म्हणजे चित्ररथ निघतात, रंगपंचमीला गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, तेव्हा राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. त्या दिवसांची सोय राजवाड्याच्या अलीकडच्या दवाखान्यात आधी लावून ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांसाठी घाबरण्याची गोळी लागेल का, तेही विचारून ठेवा.

आता अटींकडे येते. २००४ साली अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी एक तक्ता मांडला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. जगभर तो वापरतात. कॅन्सरच्या कुत्र्याला मीही तो लावते. हृदयाच्या कुत्रीला मात्र तो फसवा वाटतो, कारण गुदमरण्याच्या आदल्या संध्याकाळीही तिला पन्नास गुण मिळतात. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज रात्री त्या तारखेवर एक खूण करा. बरा दिवस असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली. खूण घरातल्या वेगवेगळ्या माणसांनी करावी, एकट्या सासऱ्यांनी नको. प्रेमात माणूस फुलीचं टिंब करतो.

आणि चौघांनी बसून या चारांवर बोला. तिसऱ्यांदा पाणी भरलं तर पुन्हा ऑक्सिजनच्या पेटीत ठेवायचं का? डोस वाढवूनही झोपेतला श्वास दिवसभर ४० च्या खाली आला नाही तर? रात्री ती आडवी होऊ शकत नसेल, पडली की उठून बसत असेल, तर किती रात्री चालवायचं? (माझं उत्तर, एक. आडवं होता न येणं यापेक्षा मोठी शिक्षा मला माहीत नाही.) आणि कोंबडीचा तुकडाही दोन दिवस तिनं हुंगून सोडला तर? उत्तरं वहीत लिहा, तारीख घाला. अटीपैकी एक पुरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना बोलवायचं, पुन्हा चर्चा नाही. रात्री दोनला रिक्षात मांडीवर तडफडणारा जीव घेऊन घेतलेला निर्णय घरच्यांना वर्षानुवर्षं छळतो, हे मी पुष्कळ पाहिलंय. एका आठवड्यानं लवकर झालं, याची चुटपुट त्यापेक्षा सोसवते.

सासूबाईंच्या म्हणण्याची टिंगल करू नका, त्या जिवाचाच विचार करताहेत. त्यांच्याशी बोलायला एक जुनी गोष्ट सांगते. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य दुखण्यानं पडलं होतं. बरं होण्याची आशा उरली नव्हती. तेव्हा गांधीजींनी डॉक्टरांकरवी विषाचं इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं. केवढा गहजब झाला! गांधीजींनी ‘नवजीवन’मध्ये लिहून आपली बाजू मांडली की त्या वासराच्या यातना बघत बसणं ही अहिंसा नाही. अहिंसेवर आयुष्य लावलेल्या माणसाचा हा निर्णय होता. तरीही सासूबाई तयार झाल्या नाहीत, तर त्यांच्यावर ओझं टाकू नका. सही तुमची, सुई डॉक्टरांची. नैसर्गिक मरणाचा रस्ताही आहे, पण तो डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. हृदयाच्या आजारात कधी झडपेची दोरी तुटते आणि मिनिटांत संपतं. कधी ते रात्रभर गुदमरणं असतं. त्या रस्त्यानं जाणार असाल तर श्वासाची घालमेल कमी करणारी गुंगीची औषधं घरी येऊन कोण देईल, हे डॉक्टरांशी पक्कं करून मगच ठरवा. नुसतं ‘देवाच्या हाती’ म्हणून तिला खोलीत ठेवणं मला मंजूर नाही.

इंजेक्शनच्या दिवशी काय होतं, ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. शक्य तर डॉक्टरांना घरी बोलवा, दुपारी, गर्दी नसताना. पुढच्या पायाचे थोडे केस काढून शिरेत कॅन्युला लावतात. आधी गुंगीचं औषध. ती तुमच्या मांडीवरच ढेपाळते. मग भूल देण्याच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून, बहुतेक ठिकाणी थायोपेंटोन. हृदय थकलेलं असलं की रक्त सावकाश फिरतं, त्यामुळे औषध चढायला थोडा जास्त वेळ लागतो, घाबरू नका. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. त्यानंतरही एखादा मोठा आचका येऊ शकतो, ओठ किंवा पोट थरथरू शकतं, शू-शी होऊ शकते, आणि डोळे उघडेच राहतात. तो आचका म्हणजे ती परत आली असं नाही. तेव्हा तिला काहीही कळत नसतं. खाली जुनी चादर घालून ठेवा. एक गोष्ट आधी विचाराच : ‘पूर्ण भूल दिल्यावरच शेवटचं औषध देणार ना?’ शुद्धीत असलेल्या जनावराला पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमचं इंजेक्शन देणं क्रूर आहे. असं विचारल्यावर कोणी रागावलं, तर दुसरा डॉक्टर शोधा. पैशांचं आधीच चुकतं करून टाका, नंतर पाकीट काढायची वेळ येऊ नये.

नंतरची सोयही आधी बघा. स्वतःच्या जागेत पुरणार असाल तर चार फूट तरी खोल खड्डा हवा. भुलीचं औषध शरीरात टिकून राहतं. उकरून खाणारा भटका कुत्रा, घार, गिधाड त्यानं मरू शकतं. याच कारणानं नदीत किंवा कान्ह नाल्यात सोडणं तर अजिबात नको. जागा नसेल तर मेलेली जनावरं उचलायची व्यवस्था महापालिकेकडे आहे. झोनच्या ऑफिसात आधी विचारून ठेवा. पट्टा आणि घुंगरू आधीच काढून ठेवा.

मुलाला खोटं सांगू नका. ‘चिंगीला गावी पाठवलं’ असं सांगितलेली मुलं महिनोन्‌महिने वाट बघतात आणि मग एक दिवस आईबापांवरचा विश्वास जातो. आठ वर्षांच्या मुलाला सरळ सांगावं : तिचं हृदय फार आजारी आहे, औषधानं बरं होणार नाही, त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर तिला शांत मरण देतील. त्याला आदल्या दिवशी तिच्याजवळ बसू द्या. सुई बघायची की नाही, ते त्यानं ठरवावं. एक प्रश्न तो विचारेल किंवा मनात ठेवेल : ‘मी तिला पळवलं म्हणून तर नाही ना गेली?’ हृदयाच्या कुत्री खेळताना घेरी येऊन पडतात, त्यामुळे मुलांच्या मनात हे बसतंच. त्यानं विचारलं नाही तरी तुम्हीच सांगा की झडप वयानं बिघडली, खेळण्यानं नाही.

खरी काळजी मला सासऱ्यांची वाटते. निवृत्त माणसाचा दिवस अशा कुत्रीभोवती बांधलेला असतो. सकाळी तिच्यासाठी उठायचं, तिच्यासाठी बागेत जायचं, तिला गोळी देताना स्वतःची बीपीची गोळी घ्यायची. ती गेली की घड्याळच निखळतं. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांच्या गोळ्यांकडे तुम्ही लक्ष द्या आणि सकाळच्या फेरीला नातू किंवा शेजारचे कोणी काका सोबत जातील असं बघा. ‘कुत्राच तर होता’ असं म्हणणारे पाहुणे येतीलच. त्यांना सांगा, साताऱ्याच्या शाहू महाराजांनी आपल्या कुत्र्याची समाधी बांधली, ती संगम माहुलीला आजही आहे. शोक करणारे आपण काही पहिले नाही. महिना उलटूनही ते जेवत-झोपत नसतील, किंवा ‘आता कशाला जगायचं’ असं बोलू लागले, तर ते केवळ चिंगीचं दुःख म्हणून सोडून देऊ नका, माणसांच्या डॉक्टरांकडे न्या.

लोक तिसऱ्याच दिवशी पिल्लू आणतात. माझा सल्ला, थांबा. पॉमेरेनियन पिल्लू बारा-पंधरा वर्षं जगतं. सासऱ्यांच्या वयाचा हिशेब घालून ती जबाबदारी पुढे कोण उचलणार, ते आधी ठरलेलं हवं. त्यांना खरंच सोबत हवी झाली, तर गल्लीतला एखादा शांत, मध्यमवयीन देशी कुत्रा, लसी आणि नसबंदी झालेला, त्यांच्या चालीला जास्त जुळेल.

उरलेल्या औषधांचं शेवटी सांगते. न फोडलेल्या पिमोबेंडानच्या स्ट्रिप्स दवाखान्यात नेऊन द्या. औषध महाग आहे आणि ज्यांना परवडत नाही असे मालक आमच्याकडे कायम असतात. लॅसिक्सच्या उरलेल्या गोळ्या मात्र घरात पडू देऊ नका. माणसांनाही तेच औषध लिहून देतात, आणि पायाला सूज आली की सासूबाई त्यातली एक सहज घेतील.